ठरलेला वेग आणि मिळणारा वेग

दीपनगरचें नांव काढतांच खानदेशांतील माणसाच्या डोळ्यांपुढें भुसावळजवळील औष्णिक विद्युत्केंद्राच्या उंच चिमण्या उभ्या राहतात. या वसाहतींत राहणाऱ्यांच्या कानांवर दोन आंकडे नेहमीं पडतात. संच किती मेगावॉटचा आहे, हा पहिला; आणि आज तो किती मेगावॉट देत आहे, हा दुसरा. येथें २१० मेगावॉटचे संच उभे राहिले, पुढें ५०० मेगावॉटचे आले. परंतु यंत्राच्या पाटीवर कोरलेला आंकडा आणि नियंत्रणकक्षांत दिसणारा आंकडा सर्वकाळ एकच असतो, असें येथील साधा फिटरहि म्हणणार नाहीं. कोळसा ओला असला, थंडाव्याचें पाणी तापलें, नळ्यांत क्षार सांचला, कीं दुसरा आंकडा खालीं उतरतो. अशा वेळीं संच भंगारांत काढा असें कोणी म्हणत नाहीं. कोठें अडलें आहे तें शोधतात.

ही समज ज्या वस्तींत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, त्याच वस्तींत एका लहान यंत्राच्या बाबतींत आम्ही ती साफ विसरलों होतों. गेल्या उन्हाळ्यांत जवळच्या एका शाळेंतील बारा संगणक अतिशय मंद चालूं लागले. दहावीचा निकाल लागलेला. पुढील प्रवेशाचे अर्ज संगणकावरूनच भरावयाचे. एकेका अर्जाला तास तास लागूं लागला. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या मुली रांगेंत ताटकळत, आणि कित्येकींची परतीची गाडी चुकत असे. विक्रेत्याला बोलावलें, तेव्हां त्यानें दहा मिनिटें पाहून सांगितलें, ‘‘प्रोसेसर थकले आहेत. बाराहि यंत्रें बदला.’’ ग्रंथालयासाठीं राखलेली रक्कम त्याकडे वळविण्याचा ठराव शाळेच्या समितीपुढें आला. त्याला अनुमोदन देणारांत मीहि होतों.

सभा संपल्यावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याचें सारें आयुष्य विद्युत्केंद्रांत मापनयंत्रांची देखभाल करण्यांत गेलेलें. त्यानें मला एकच प्रश्न विचारला : ‘‘गुरुजी, पाटीवर वेग किती लिहिला आहे, आणि मिळतो किती, हें कोणी मोजून पाहिलें का?’’ मला उत्तर देतां आलें नाहीं. त्या एका प्रश्नानें मला या विषयाच्या इतिहासाकडे नेलें, आणि त्या इतिहासांतून जें हातीं लागलें तें आज मी आपणांपुढें ठेवीत आहें.

यंत्राची शक्ति आंकड्यांत सांगण्याची रीत जेम्स वॅटनें रूढ केली. घोडे काढून त्यांच्या जागीं वाफेचें यंत्र घ्यावें, असें गिऱ्हाइकाला पटवावयाचें, तर तें यंत्र किती घोड्यांचें काम करील हें सांगणें भाग होतें. वॅटनें एका घोड्याचें काम मिनिटास ३३,००० फूट-पौंड धरलें, आणि ‘अश्वशक्ति’ हा शब्द जगाला मिळाला. पुढें सिलिंडरच्या मापावरून हिशेब करून यंत्राला एक नाममात्र अश्वशक्ति लावण्याचा प्रघात पडला. हा झाला विक्रीचा आंकडा. प्रत्यक्ष काम किती होतें, हें कळावयाचें कसें? १७९६ च्या सुमारास वॅटचा साहाय्यक जॉन सदर्न यानें सिलिंडरमधील वाफेचा दाब कागदावर रेखाटणारी युक्ति काढली. दट्ट्या पुढें मागें सरकतांना पेन्सिल एक बंद आकृति काढी. तिच्या क्षेत्रफळावरून केलेलें काम मोजतां येई. पण तिचें खरें मोल याहून अधिक होतें. आकृतीचा एक कोपरा दबलेला दिसला तर झडप उशिरा उघडत आहे, दुसरा गोल झालेला दिसला तर ती वेळेवर मिटत नाहीं, असें जाणता इंजिनीयर यंत्र न उघडतां सांगे. म्हणजे दोन आंकड्यांमधील तूट ही नुसती हानि नव्हे. यंत्रानें स्वतः दिलेली ती जबानी आहे. ती वाचावयास शिकलें पाहिजे. भुसावळच्या इंजिनशेडमध्यें वाफेच्या इंजिनांवर हात काळे केलेल्या पिढीला हें शिकवावें लागलें नसतें.

आतां संगणकाकडे वळूं. प्रोसेसर म्हणजे संगणकाचें गणित करणारें मुख्य अंग. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेलें. शाळेंत लेझीम खेळतांना हलगीच्या ठोक्यावर साऱ्या मुलांची पावलें पडतात, त्याप्रमाणें या तुकड्यांतील सर्व व्यवहार एका विद्युत्‌ठोक्यावर चालतो. सेकंदाला दहा लक्ष ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्‌झ, आणि शंभर कोटि ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्‌झ. पेटीवर ३.२ गिगाहर्ट्‌झ असें छापलेलें असतें तो हा ठोक्यांचा वेग. मात्र ठोके किती पडतात आणि काम किती होतें, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हें पुढें दिसेलच.

आपल्याकडे या विद्येचा प्रारंभ मुंबईस झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत देशी तज्ज्ञांनीं बांधलेला मोठा संगणक १९६० सालीं पूर्णपणें कामास लागला, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें नांव ‘टिफ्रॅक’ असें ठेविलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याच्या स्मृतींत अवघे २,०४८ शब्द मावत. नळी म्हणजे लहानसा दिवाच. अडीच हजारांवर दिवे अहोरात्र तापत राहिले म्हणजे खोलींतील हवा थंड ठेवण्याची व्यवस्था हाहि यंत्राचाच एक भाग होऊन बसतो. उष्णता आणि गणित यांचें हें वैर अगदीं आरंभापासूनचें आहे.

पुढें यंत्रें लहान झालीं आणि टेबलावर आलीं. १९८१ सालीं आय्‌. बी. एम्‌. कंपनीचा जो घरगुती संगणक निघाला त्याचा ठोका ४.७७ मेगाहर्ट्‌झ होता. तेव्हांचे कांहीं कार्यक्रम, विशेषतः खेळ, त्याच ठोक्यावर बेतलेले होते. त्याहून वेगवान यंत्रें निघतांच ते खेळ इतके भरभर पळूं लागले कीं खेळणारास पत्ता लागेना. म्हणून यंत्राच्या दर्शनी भागावर ‘टर्बो’ नांवाचें बटन बसविण्यांत आलें. नांव वेग वाढविण्याचें; काम मात्र गरजेप्रमाणें वेग कमी करण्याचें! चुकून हात लागून तें बटन दबलें, तर नवें कोरें यंत्र निम्म्या वेगानें चाले आणि मालक कपाळाला हात लावी. प्रोसेसर निर्दोष, त्याला मिळालेला हुकूमच संथ चालण्याचा होता.

१९९२ सालीं इंटेल कंपनीनें आणलेल्या एका प्रोसेसरनें आणखी एक गुंतागुंत निर्माण केली. बाहेरील पाटावर ३३ मेगाहर्ट्‌झचा ठोका पडे आणि प्रोसेसर आंतल्या आंत त्याची दुप्पट करून ६६ नें चाले. तेव्हांपासून प्रोसेसरचा वेग हा एक गुणाकार झाला : बाहेरचा ठोका गुणिले ठरलेला गुणक. बाहेरचा ठोका ३३ ऐवजीं २५ वर बसविला, तर ६६ चे ५० होणारच. पुढें हा ठोका ठरविण्याची नोंद यंत्राच्या स्वतःच्या टिपणवहींत होऊं लागली, आणि ती वही रुपयाएवढ्या एका बॅटरीच्या जोरावर शाबूत राहूं लागली. पुष्कळ यंत्रांत ती बॅटरी संपली कीं नोंद पुसली जाई, आणि यंत्र भीतभीत सर्वांत सुरक्षित, म्हणजे सर्वांत मंद ठोका धरी. थोड्याशा पैशांची बॅटरी आणि एक नोंद एवढ्यानें जें बरें होई, त्यासाठीं लोकांनीं नवे प्रोसेसर विकत घेतले.

आतां उष्णतेचें प्रकरण. १९७४ सालीं रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक सिद्धान्त मांडला. ट्रॅन्झिस्टर जसजसा लहान करावा तसतसा त्याला लागणारा विद्युद्दाबहि कमी करतां येतो, म्हणून तेवढ्याच जागेंत अधिक ट्रॅन्झिस्टर अधिक वेगानें चालविले तरी त्या जागेची उष्णता वाढत नाहीं. या सोयीवर तीस वर्षें वेग वाढत गेला. परंतु दाब एका मर्यादेखालीं उतरेना. ट्रॅन्झिस्टर बंद असतांनाहि त्यांतून वीज झिरपूं लागली. २००४ सालच्या ऑक्टोबरमधील ही गोष्ट : इंटेलनें चार गिगाहर्ट्‌झचा पेन्टियम बाजारांत आणण्याचा आपला बेत सोडून दिला. त्यानंतर एकच प्रोसेसर अधिक पळविण्याऐवजीं एका तुकड्यावर दोन, चार, आठ असे गणितकर्ते बसविण्याचा मार्ग कंपन्यांनीं धरला.

त्याच सुमारास प्रोसेसरच्या पोटांत तापमापक बसूं लागला. ठरलेली मर्यादा, बहुधा शंभर अंशांच्या आसपास, गांठली कीं प्रोसेसर आपण होऊन ठोका कमी करतो. यांत हिशेब असा आहे. त्याची उष्णता ठोक्याच्या पटींत वाढते, आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या पटींत वाढते. ठोका आणि दाब हे दोन्ही शेंकडा २० नें उतरविले, तर ०.८ चा घन, म्हणजे सुमारें ०.५१ एवढी उष्णता उरते. वेग पंचमांशानें गेला, पण उष्णता निम्मी झाली! मंद होणें हें येथें आजाराचें लक्षण असलें तरी तोच त्याचा बचावहि आहे. तसें न करतां तो जळून गेला असता.

आपल्या खानदेशाला या हिशेबांत विशेष वाटा उचलावा लागतो. प्रोसेसरवरील धातूचा पंखेदार ठोकळा उष्णता हवेंत सोडतो, आणि किती सोडील तें दोहोंच्या तपमानांतील अंतरावर अवलंबून असतें. मर्यादा १०० अंश आणि खोली २५ अंश असेल तर हें अंतर ७५ अंशांचें. मे महिन्यांत आपल्याकडे खोलींतच ४५ अंश झाले, तर अंतर उरतें ५५. म्हणजे तोच पंखा, तोच ठोकळा, पण उष्णता वाहून नेण्याची शक्ति जवळजवळ चतुर्थांशानें घटली. त्यांत पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसला, आणि ठोकळा व प्रोसेसर यांमधील उष्णतावाहक लेप वाळून भेगाळला, कीं मग विचारावयास नको. विद्युत्केंद्रांत उन्हाळ्यांत थंडाव्याचें पाणी तापून टर्बाइनची शक्ति उतरते, तोच हा प्रकार.

परंतु ठोके पुरे पडूनहि काम कमी होऊं शकतें, आणि हा धडा महाराष्ट्रानें पुण्यास गिरविला. अमेरिकेकडून महासंगणक मिळविण्यांत अडचणी येऊं लागल्या, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवीं जन्मलेले डॉ. विजय भटकर हे या कार्याचे प्रमुख. तीन वर्षांत, १९९१ सालीं, ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. एक बलाढ्य प्रोसेसर मिळत नाहीं, तर पुष्कळ साधे प्रोसेसर एकत्र जुंपावे, ही त्यामागील कल्पना. ‘ट्रान्सप्यूटर’ नांवाचे हे इंग्रजी बनावटीचे प्रोसेसर चार चार तारांनीं शेजाऱ्यांशीं जोडलेले असत. असे २५६ जोडले तर बेरजेनें सेकंदाला शंभर कोटि गणितें व्हावयास हवीं. प्रत्यक्ष कामांत मिळत तीं दहा ते वीस कोटि.

कोणी म्हणेल, हें तर अपयश झालें. तसें नव्हे. याचें कारण रावेर-यावलकडील केळीबागाइतदाराला चटकन कळेल. घड कापणारे चाळीस मजूर लावले, पण ट्रकपाशीं भरणारे दोघेच असले, तर कापणारे बांधावर बसून राहणार. आणखी चाळीस मजूर आणल्यानें ट्रक लवकर भरत नाहीं. १९६७ सालीं जीन ॲमडाल यांनीं हेंच गणितानें दाखविलें होतें : ज्या कामाचा दहावा हिस्सा एकट्यानेंच करावयाचा आहे, तें काम हजार हात लावले तरी दसपटीहून अधिक लवकर होणार नाहीं. परममधील प्रोसेसर आळशी नव्हते. शेजाऱ्याकडून यावयाच्या आंकड्याची ते वाट पाहत होते. यापुढील श्रम गणित वांटण्याच्या आणि निरोप पोंचविण्याच्या रीती सुधारण्यांत खर्ची पडले.

जगांतील जाणत्यांनींहि पाटीवरचा आंकडा बाजूला ठेवावयास सुरवात केली होती. जॅक डोंगारा यांनीं १९७९ मध्यें समीकरणें सोडविण्याची एक ठराविक कसोटी, ‘लिनपॅक’, प्रसिद्ध केली. आणि १९९३ पासून तिच्यावरून जगांतील पांचशें समर्थ संगणकांची यादी वर्षांतून दोनदां निघूं लागली. या यादींत ठरलेला वेग आणि मिळालेला वेग हे दोन्ही रकाने असतात, पण क्रमांक लागतो तो मिळालेल्या वेगावरून. जून २००३ च्या यादींत सी-डॅकचा ‘परम पद्म’ १७१ वा आला. त्याच्या २४८ प्रोसेसरांचा ठरलेला वेग ९९२ गिगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला तितकीं अब्ज गणितें, मिळालेला ५३२. शेंकडा सुमारें ५४. मग नोव्हेंबर २००७ मध्यें टाटांच्या पुण्यांतील प्रयोगशाळेनें उभारलेला ‘एका’ हा संगणक जगांत चौथा आला. त्याचा ठरलेला वेग सुमारें १७१ टेराफ्लॉप्स, मिळालेला सुमारें ११८, शेंकडा ६९. टेरा म्हणजे गिगाच्या हजारपट. परम ८००० च्या व्यवहारांतील मापांशीं या कसोटीची तंतोतंत तुलना होणार नाहीं, तरी रोख स्पष्ट आहे. आणि लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही, कीं ज्या यंत्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाटीवरच राहिला, तें यंत्र जगांत चौथें ठरलें. पूर्ण आंकडा कोणासच मिळत नाहीं. किती मिळतो आणि उरलेला कोठें जातो, हें ज्याला सांगतां येतें तो यंत्राचा खरा धनी.

हें सारें समजून घेतल्यावर माझा तो विद्यार्थी आणि मी शाळेंत गेलों. प्रथम त्यानें प्रत्येक यंत्राला काम लावून मगच वेग मोजला. कारण रिकामा बसलेला प्रोसेसर वीज वांचविण्यासाठीं आपण होऊन हळू चालतो, आणि तो आंकडा पाहून घाबरण्याचें कारण नसतें. पाटीवरचा आंकडा ३.२ गिगाहर्ट्‌झचा. नऊ यंत्रें काम सुरू होतांच कांहीं मिनिटांत तापून ०.८ वर येत. त्यांचीं झांकणें उघडलीं, तेव्हां पंख्यांवर धुळीची वाकळ पांघरलेली. धूळ काढली, जुना लेप खरवडून नवा लावला. दोन यंत्रें थंड असूनहि मंद होतीं. वीज वांचविण्याच्या सदरांत कोणीं तरी वेगाची कमाल मर्यादा उतरवून ठेविली होती. ती पूर्ववत् केली. बाराव्याचा प्रोसेसर पुऱ्या वेगानें चालत होता, आणि तरीहि तें यंत्र सर्वांत मंद! त्याची माहिती सांठविणारी तबकडी झिजली होती. बिचारा प्रोसेसर ट्रकपाशीं उभ्या राहिलेल्या मजुराप्रमाणें वाट पाहत होता. ती तेवढी बदलावी लागली.

दोन दिवस गेले. खर्च एका नव्या यंत्राच्या किंमतीहून पुष्कळ कमी आला, आणि पुढल्या सभेंत मींच उभें राहून आमचा ठराव मागें घेण्याची सूचना मांडली. ग्रंथालयाची रक्कम ग्रंथालयाकडे राहिली. मात्र ज्या मुलींच्या गाड्या त्या आठवड्यांत चुकल्या त्या चुकल्याच. मोजून पाहण्याचें काम आम्ही सभेच्या आधीं केलें असतें तर त्याहि चुकल्या नसत्या.

म्हणून श्रोतेहो, आपल्या घरचें वा शाळेंतलें यंत्र मंद वाटलें तर नवें घेण्यापूर्वीं क्रमानें चार गोष्टी पाहाव्या. तें खरोखर काम करीत असतांना मंद आहे कीं रिकामें असतांना? तें तापतें आहे काय? त्याला हळू चालण्याचा हुकूम कोणीं दिला आहे काय? आणि तें दुसऱ्या कोणाची वाट पाहत आहे काय? तें काम करीत असतांनाच मंद असेल, आणि उरलेल्या तीनहि प्रश्नांना ‘नाहीं’ असें उत्तर आलें, तर मग प्रोसेसरला दोष द्यावा.

आतां त्या शाळेच्या संगणककक्षांत भिंतीवर एक वही टांगलेली आहे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारीं नववींतील मुलें बाराहि यंत्रांपुढें दोन आंकडे लिहितात : ठरलेला वेग आणि मिळणारा वेग. दुसरा फार खालीं उतरला, कीं तीं प्रथम झांकण उघडून पंखा पाहतात.